बोळक्या तोंडाचं मत

म्हाताऱ्याला नवी कवळी मिळाली ती नेमकी निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात, आणि घोटाळा तिथेच झाला. या देशात कुलपं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, पण नागरिकत्व मिळालं यंदा. आजवर घरचे मत द्यायला जात आणि हा घर राखत बसे. आता राज्याच्या निवडणुकीत पहिलं मत द्यायचं, आणि तेही बोळक्या तोंडानं? ते त्याला पटेना. म्हणून ही कवळी.

मतदान केंद्रात तो सुनेबरोबर रुबाबात शिरला. केंद्रप्रमुखानं नाव विचारलं, म्हाताऱ्यानं खणखणीत सांगितलं. यादीत नाव सापडलं. मग केंद्रप्रमुखानं ओळखपत्र डोळ्यांजवळ धरलं.

"हे तुम्ही नाही."

"अहो, फोटो काढला तेव्हा बाबांना दात नव्हते," सून म्हणाली.

"मग काढा दात."

म्हाताऱ्यानं कवळी काढून रुमालात घेतली. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला निघाली. केंद्रप्रमुखाचं समाधान झालं.

"हां, हेच ते. आता नाव सांगा."

"फ्फफूफ," म्हातारा म्हणाला.

"असं नाव यादीत नाही."

"मघाशी सांगितलं की त्यांनी," सून म्हणाली.

"मघाशी वेगळे गृहस्थ होते. ज्याचा चेहरा, त्यानंच नाव सांगायचं, असा नियम आहे."

"मी सांगते ना."

"तुमचं मत देताना तुमचं सांगा."

म्हाताऱ्यानं कवळी घातली, नाव सांगितलं; काढली, चेहरा दाखवला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत. मागची रांग दारापर्यंत गेली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. याही वेळी मत हुकणार असं त्याला वाटलं.

"अहो, वरची काढा, खालची राहू द्या," रांगेतला न्हावी कंटाळून म्हणाला. "माझा खोळंबा होतोय."

तसं केलं. चेहरा निम्मा जुळला, नाव निम्मं कळलं. केंद्रप्रमुखानं बोटांवर हिशेब केला.

"निम्मा आणि निम्मं मिळून एक मतदार होतो," तो म्हणाला आणि मतपत्रिका दिली.

पडद्याआड म्हाताऱ्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यानं वरची कवळी फळीवर ठेवली, शिक्का नीट मारला, घडी घातली, मतपत्रिका पेटीत टाकली आणि तरंगतच घरी गेला. कवळी राहिली हे जेवायला बसल्यावर कळलं. सून त्याला घेऊन तशीच परत आली.

केंद्रप्रमुखाच्या टेबलावर कवळी कागदावर ठेवलेली होती.

"यांची आहे," सून म्हणाली.

"ओळखपत्र?"

तिनं दिलं. त्यानं फोटो पाहिला, कवळी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"या गृहस्थांना दातच नाहीत. मग ही यांची कशी?"

म्हातारा पेटीकडे बोट दाखवून काहीतरी फुसफुसला आणि अर्धं बोळकं पसरून हसला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, कवळी ठेवून घ्या हवी तर," सून म्हणाली. "मत काही आता परत मिळायचं नाही."