डुकरांचं नवं वर्ष

पेई-शानने त्या संध्याकाळी एकच ठरवलं होतं, आईसमोर गोंधळ घालायचा नाही. चाळिशीला टेकल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं, तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. आईला मात्र ते मुळीच पटलं नव्हतं. "लक्ष द्यायचा कंटाळा, आणि त्याला एवढं मोठं नाव!" असं म्हणत च्यायी शहरातून लेकीकडे आलेल्या आईने स्वतःच्या हातांनी वळलेले, नव्या वर्षाला हमखास होणारे डम्पलिंग पिशवीसकट फ्रीजरमध्ये ठेवले. निदान आज तरी तिचं तोंड बंद व्हावं, एवढीच लेकीची इच्छा होती.

फ्रीजरमध्ये शेजारीच खरकट्याची पिशवी होती. ताइचुंग शहराच्या उकाड्यात कचरागाडी येईपर्यंत खरकटं गोठवूनच ठेवावं लागतं, नाहीतर घरात उभं राहवत नाही. दोन्ही पिशव्या एकाच दुकानातल्या, एकसारख्या गुलाबी. पेई-शानच्या ते लगेच लक्षात आलं. खुणेसाठी चिठ्ठी लावावी म्हणून ती कागद आणायला निघाली, तर वाटेत सुकलेली कुंडी दिसली. कुंडीला पाणी घालताना सकाळपासून हरवलेला चष्मा कुंडीमागे सापडला. त्या आनंदात चिठ्ठी राहूनच गेली.

आणि गल्लीत कचरागाडीची धून वाजली.

"आई, पाणी उकळायला ठेव, मी आलेच!"

या आठवड्यात गाडी आधीच चुकली होती. पेई-शानने फ्रीजरमधली पिशवी ओढली आणि दोन पायांत दोन वेगळ्या सपाता घालून धावत सुटली. गाडीमागच्या, डुकरांना जाणाऱ्या खरकट्याच्या बादलीपाशी पोचून ती गाठ सोडणार, तोच शेजारच्या ल्याओ काकूंनी तिचा हात धरला.

"थांब गं बाई! खरकटं इतकं सुबक कधीपासून वळायला लागलीस?"

पेई-शानने पातळ पिशवीतून निरखून पाहिलं, तर आत डम्पलिंग! डोळे तर लगेच भरले. तिचं रडू आणि हसू, दोन्ही दार न वाजवता घरात शिरणारी. पण डम्पलिंग वाचले होते! आईला कळायच्या आत वर न्यायचे, म्हणून ती वळली, तर समोर आईच उभी. हातात दुसरी गुलाबी पिशवी.

"पाण्यात काय सोडू? ही अननसाची सालं?"

"आई, वाचले गं! हे बघ, टाकले नाहीत!"

"दे इकडे!" आईने पिशवी हिसकावली. आता दोन्ही पिशव्या आईकडे.

"आटपा मावशी, गाडी निघाली," कामगार ओरडला.

आई बादलीपाशी गेली. नजर लेकीवर, हात गाठीवर, आणि तोंड सुरूच. "हातात काय आहे ते बघावं माणसानं! न बघता टाकवतंच कसं? मी उभ्या आयुष्यात एकदा तरी..."

धडधड आवाज करत सगळे डम्पलिंग बादलीत पडले.

ल्याओ काकू उगाचच आभाळाकडे बघू लागल्या. कामगाराने बादलीत डोकावून पाहिलं. "आज डुकरांचं नवं वर्ष!" तो म्हणाला, आणि गाडी वाजतगाजत पुढे गेली.

आईच्या हातात सालांची पिशवी तेवढी उरली. पेई-शानने ओठ घट्ट दाबले, पण हसू आलंच. मग काकूंनाही हसू फुटलं.

लिफ्टमध्ये आईने सालांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "हे तुझं जे काय आहे ना, ते आईकडून मुलीकडे येतं का गं?"

"घराण्यातून येतं बऱ्याचदा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात."

आईने विचार केला. "मग तुझ्या बाबांकडून आलं असणार," ती ठामपणे म्हणाली.

दार बंद होतं. आत पाणी खळाखळा उकळत होतं. आईने खिसे चाचपले, पिशवीतली सालंसुद्धा हलवून बघितली. बाहेर पडताना दार तिनेच ओढून घेतलं होतं, किल्ली आत.

पेई-शानने गळ्यातली लाल दोरी बाहेर काढली. दोरीला किल्ली होती.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, अंघोळीलासुद्धा काढायची नाही."

दार उघडलं. आईने आधी गॅस बंद केला, सालं पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली, आणि लेकीच्या गळ्यातली दोरी हातात घेऊन नीट निरखली.

"दोरी बरी आहे," ती म्हणाली. "मला एक आणून दे. तुझ्या बाबांना लागेल."