दोनशे ॲम्प घेऊन घाटघरला

[पॅच ०१ : घर]

माझ्याकडे दोनशे ॲम्प आहेत! जुन्नर तालुक्यात एवढे ॲम्प दुसऱ्या कोणाकडे नाहीत. आंबेगाव तालुका धरला तरी नाहीत. आणि हे सगळेच्या सगळे एका पेटीत मावतात. पेटी पोळपाटाएवढी आहे. जमिनीवर ठेवायची आणि पायाने चालवायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. प्रत्येक खोक्याचा गळा वेगळा. माझ्या पेटीत जगभरच्या खोक्यांच्या हुबेहूब नकला आहेत. नक्कल हा शब्द मला आवडत नाही. दुकानदार ‘मॉडेलिंग’ म्हणाला होता, तेच बरं. आपल्याला हवा तसा आवाज जमवायचा आणि एका नंबरावर साठवायचा, त्याला पॅच म्हणतात. ही हकीगतही मी पॅचमध्येच साठवली आहे. पुढे जायचं असेल तर उजवीकडचं बटण दाबायचं. सोपं आहे.

“दोनशे आहेत ना? मग त्यातला एक बाहेर काढून दाखव,” बहीण आरफा म्हणाली.

तिला तंत्रज्ञान कळत नाही.

तीन महिने मी हेडफोन लावून आवाज जमवले. माझ्या कानात ढग गडगडत होते, घरच्यांना नुसती तारांची टिकटिक ऐकू जात होती. “कोणी तरी तासन्‌तास कंगव्यावर नख फिरवतंय असं वाटतं,” आरफा म्हणाली. मी हेडफोनचा आवाज आणखी वाढवला.

[पॅच ०२ : गोरख]

गोरख आमच्या पार्टीचा मालक. हळदी, साखरपुडे, जत्रा, सगळीकडे आम्ही वाजवतो. तो ढोलकी वाजवतो आणि गातो, श्रेया कीबोर्डवर आणि मी गिटारवर. अकरा वर्षं मी गोरखच्या डाव्या हाताला उभा राहतोय. ती जागा माझी आहे. दुसरीकडे उभं केलं तर मला गाण्याची सुरुवात कुठे होते तेही समजत नाही.

तर गोरख म्हणाला, “फैजानभाऊ, राग मानू नका. पन टेम्पोत जागा पुरत न्हाई. आन श्रेयाच्या कीबोर्डात गिटारचं बटण हाय.”

“बटण आहे, गिटार नाही! खोटा आवाज आहे तो!”

“आन तुमच्या पेटीत काय हाय?”

“मॉडेलिंग!”

गोरखने बराच वेळ पेटीकडे पाहिलं. पेटीने आपले निळे दिवे लुकलुकवले.

“बरं. रविवारी घाटघरला हळद हाय. गेणभाऊंच्या ऋतिकची. तिथं वाजवून दावा. जमलं तर तुमी, न्हाई तर बटण.”

[पॅच ०३ : अनोळखी इसम]

घाटघरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. मंडप घरासमोर, मागे डोंगराचा उतार. साउंडवाला सयाजी वायरींच्या जंजाळात बसला होता.

“सयाजी, मला मिक्सरमध्ये एक भोक दे.”

“चारच हायेत. दोन माईक, ढोलकी, कीबोर्ड. झाले चार.”

“हे पाचवं दिसतंय की!”

“ते जळालंय. दिसायला ठेवलंय.”

“मग मी कुठे जाऊ?”

“तुमाला ॲम्प आणलाय ना राव!”

मंडपाच्या कोपऱ्यात, गोधडी पांघरून, तो बसला होता. पाच बटणांपैकी तीन गेलेली. आवाजाचं बटण पकडीने फिरवायचं, पकड वर दोरीने बांधलेली. कंपनीचं नाव पुसलेलं आणि पुढच्या जाळीवर कोणी तरी खडूने ‘शुभविवाह’ लिहिलेलं.

“हा कोणाचा?”

“आदी भजनी मंडळाचा व्हता. मग शाळंत गेला, कवायतीला. आता फिरतीवर असतो.”

माझ्याकडे दोनशे ॲम्प होते. त्यात हा नव्हता.

मी गिटारची वायर पेटीत, पेटीची वायर त्याच्या पोटात घातली. पॅच एक लावला, हेडफोनमध्ये मखमलीसारखा वाजणारा, आणि तार छेडली. पत्र्याच्या पिंपात गांधीलमाश्या कोंडून ते पिंप उतारावरून सोडून दिल्यासारखा आवाज आला! पॅच दोन लावला. तेच पिंप, आता गोधडीत. पॅच तीन. पिंप विहिरीत.

हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. पिवळ्या चेहऱ्याचा नवरदेव माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच त्याचं लग्न ठरवलं होतं.

“ह्यो कोनचा?” गोरखने विचारलं.

“हा विलायती आहे.”

“त्याला माघारी धाडा. साडेपाचला पयलं गाणं. मी काय म्हणालो ते ध्यानात हाय ना?”

श्रेया कीबोर्ड पुसत होती. एका बटणावर फडकं जरा जास्तच वेळ फिरत होतं.

[पॅच ०४ : टाकी]

अशा वेळी जुन्नरच्या बाजारपेठेत माईक दुरुस्त करणाऱ्या वजीरचाचांना फोन करायचा असतो. घाटघरला फोन करायचा तर उतारावरच्या पाण्याच्या टाकीपाशी जायचं असतं. रेंज फक्त तिथेच. मी धावत चढलो.

“चाचा, आवाज फार वाईट येतोय!”

“मशीनमधला ॲम्प चालू आहे?”

“हो.”

“समोर खरा ॲम्प आहे?”

“हो.”

“म्हणजे तयार चहात परत पत्ती घालून उकळतोयस. कडूच लागणार, बेटा! मशीनमध्ये स्पीकरची नक्कल असते, ती बंद कर. आणि वायर पुढून नको, मागून घाल. मागे भोकं किती?”

“बघितलं नाही.”

“मग मी बघू का, जुन्नरातून?”

भोकं बघायला खाली जायचं, सांगायला वर यायचं, ऐकून पुन्हा खाली! तोवर नवरदेवाची मुलं शाळेत जातील. टाकीपाशी नवरदेवाची आत्या ठकूबाई पाईप लावून हंडे भरत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“फोन हितं दे. तू खाली जाय. त्यो सांगल तसं मी वरडते.”

[पॅच ०५ : ठकूबाई]

“आरं ए गिटारवाल्या! मागं भोकं किती?”

“तीन!”

“तीन हायेत वं बाबा!… मधल्यात घाल म्हणतोय!”

“घातली!”

“आता पेटीतला स्पीकर बंद कर!”

“कुठून?”

“त्याला इचारते!… लांब दाब म्हणतोय! मोठं बटण!”

“दाबलं! कशासाठी पण?”

“आरं, एका घरात दोन कारभारी झाल्यात तुझ्या! एकाला खाली बसव!”

हे वजीरचाचांचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. पेटीबरोबर आलेल्या पुस्तकात हीच गोष्ट सव्वीस पानांत सांगितली आहे.

मंडपातल्या सगळ्या माना आता टाकीकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून टाकीकडे फिरत होत्या. साडेपाच वाजले होते. गोरखने ढोलकीवर थाप मारली.

“आन त्यो म्हणतोय,” वरून आवाज आला, “मागच्या भोकाला त्या खोक्याचं आवाजाचं बटण लागू व्हत न्हाई! समदा आवाज पेटीतनंच येतो! म्हनून आदी…”

इथे हंडा भरून वाहू लागला. ठकूबाई वाकली. पाईप काढला. दुसऱ्या हंड्यात घातला. पहिला हंडा उचलून कडेला ठेवला. पदर सारखा केला.

“…पेटीचा आवाज शून्यावर आण!”

हंडा आणि पदर यांच्या मध्ये कुठे तरी मी तार छेडली होती.

[पॅच ०१ : घर]

माझ्याकडे दोनशे ॲम्प आहेत! जुन्नर तालुक्यात एवढे ॲम्प दुसऱ्या कोणाकडे…

माफ करा. पाय लागला.

[पॅच ०६ : शीळ]

ॲम्पने शीळ घातली. दुसरा शब्द नाही. उंच, लांब, मध्ये श्वास न घेता घातलेली शीळ. मी पकडीने बटण पिळलं. काही फरक नाही. ते बटण लागू होत नाही, हे मला नुकतंच सांगण्यात आलं होतं.

नवरदेवाचे वडील गेणभाऊ पाटावरून उठले.

“ही तर माझी शीळ हाय!”

“काय?”

“मीठ ठेवलं की मी अशीच शीळ घालतो. ह्याच सुरात. मेंढरास्नी.”

“मेंढरं कुठे आहेत?” मी विचारलं.

हा प्रश्न विचारायला नको होता. उताराकडे बघितलं असतं तरी चाललं असतं. साठ मेंढरं येत होती! धावत वगैरे नाही, एका रांगेत, शिस्तीत, आहेर घेऊन आल्यासारखी. मंडपाच्या कमानीतून आली. पहिल्या मेंढीने हळदीच्या ताटात पाय दिला, म्हणून बाकीच्यांनीही दिला. दोन मिनिटांत नवरदेवापेक्षा जास्त हळद मेंढरांना लागली होती.

“हाकला की, गेणभाऊ!” गोरख ओरडला.

“न्हाई जमायचं. शीळ घातली म्हंजी मीठ द्यावंच लागतं. येकदा फशिवलं का पुन्यांदा येत न्हाईत.”

“शीळ तुम्ही नाही घातली, ॲम्पने घातली!” मी म्हणालो.

“त्यांना काय म्हाईत पावणं?”

हे बरोबर होतं. मलाही शेजारच्या खोलीतून फरक कळला नसता. आचाऱ्याकडून मीठ मागवलं. पुरेना. मग सगळंच मागवलं. त्या दिवशी पंगतीतल्या आमटीला मीठ का नव्हतं, हे वऱ्हाडाला अजून सांगितलेलं नाही.

“वाजवा!” गोरखने माझ्याकडे बघून हात जोडले. “कायबी वाजवा, पन गाणं सुरू करा!”

माझी अकरा वर्षांची जागा गोरखच्या डाव्या हाताला होती. तिथे आत्ता एक मेंढी उभी होती. मी पेटीचा आवाज उतरवला. शीळ थांबली. पायाने चाचपून सापडला तो पॅच दाबला, डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली.

[पॅच ०७ :        ]

याला नाव देता आलं नाही.

तो आवाज आला! तीन महिने शोधत होतो तोच. गोल, स्वच्छ, भरलेला. एकेक सूर ताटात लाडू ठेवावा तसा खाली बसत होता. मी तान घेतली की तान येत होती. एकदा तर मी चुकलो आणि तो चुकला नाही! पेटीत एवढी अक्कल असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

डोळे उघडले तर सगळं वऱ्हाड नाचत होतं. गेणभाऊ नाचत होते. ठकूबाई डोक्यावर हंडा घेऊन नाचत होती आणि पाणी सांडत नव्हतं. पिवळी मेंढरं मीठ चाटत संथ डुलत होती. गाणं संपल्यावर गोरखने ढोलकी बाजूला ठेवली आणि सगळ्यांसमोर माझा हात वर केला.

“फैजानभाऊ, जागा तुमची!”

मी नम्रपणे पेटीकडे बोट दाखवलं. एवढ्या नम्रपणाची मला सवय नाही. डोळ्यांत पाणी आलं.

[पॅच ०८ : वायर]

सामान आवरताना मी ॲम्पला थोपटायला गेलो. उगाच त्याला नावं ठेवली होती. त्याच्या मागे त्याची वायर गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेली होती.

“सयाजी, हा कधी बंद केलास?”

“मेंढरं मीठ चाटाया लागली तवाच की. तुमची शीळ थांबंना. मीच पिन वढली.”

“तेव्हाच?”

“तवाच.”

“मग शीळ…”

“तवाच थांबली न्हाई का?”

मी श्रेयाकडे पाहिलं. ती कीबोर्डचे पाय मिटत होती. अगदी मन लावून. दोन पाय मिटायला एवढं मन लागत नाही.

“कितवं बटण?” मी विचारलं.

“सत्तावीस.”

“गोरखला सांगितलंस?”

“न्हाई.” ती कीबोर्डच्या पिशवीची चेन ओढत म्हणाली, “तुमी डोळे मिटून लई मनापासून वाजवत व्हते, दादा. म्हटलं, राहू द्या.”

[पॅच ०९ : सध्या]

माझी जागा कायम आहे. गोरखच्या डाव्या हाताला, गिटार गळ्यात, पेटी पायाशी. पेटीचे दिवे चालू ठेवतो, लोकांना आवडतात. मी पायाने पॅच बदलतो आणि त्याच क्षणी श्रेया सत्तावीस नंबर दाबते. आमचा मेळ आता इतका बसलाय की मी चुकलो तर तीही मुद्दाम जरा चुकते.

गोरखला यातलं काही माहीत नाही. फक्त परवा तळेघरच्या कार्यक्रमाआधी त्याने सयाजीला विचारलं, “फैजानभाऊंचा ॲम्प घेतला ना टेम्पोत? वायर नको घेऊ, जागा जाते.”

घरी मात्र काम जोरात चालू आहे. श्रेयाकडून सत्तावीस नंबर फोनवर रेकॉर्ड करून आणलाय. रोज हेडफोन लावून तोच आवाज माझ्या पेटीत जमवायला बसतो. दोनशेच्या दोनशे ॲम्प लावून झाले.

बराच जवळ आलाय. पण अजून हुबेहूब नाही.