कासवाची सेवाज्येष्ठता

लांडगा आणि वाघीण यांची झुंज सुरू होऊन अकरा दिवस झाले होते, तरी दोघांपैकी कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. हिमानीनं वैतागून मोबाइल पोह्यांच्या ताटलीशेजारी आपटला.

"बाबा, काय करू मी ह्या लोकांचं? लांडगा लिहितो, मी मानेचा चावा घेतला. वाघीण लिहिते, मी चुकवला. मग वाघीण पंजा मारते आणि लांडगा लिहितो, मी चुकवला. अकरा दिवस नुसती चुकवाचुकवी!"

"पण हा लांडगा आहे कोण?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"बँकेत असतो."

मग हिमानीनं सगळं समजावून सांगितलं. तिनं चार वर्षांपूर्वी 'सातमाळ्याचं रान' नावाचा एक ग्रुप काढला होता. त्यात त्रेसष्ट माणसं होती. चांगली कमावती, काही तर लेकुरवाळी. प्रत्येकानं एकेक प्राणी घेतलेला. दिवसभर नोकरी-धंदा करायचा आणि संध्याकाळी मोबाइलवर कोल्हा, तरस नाहीतर घुबड होऊन आपापली गोष्ट पुढं लिहायची. शिकार, दोस्ती, हद्दीची भांडणं, सगळं रीतसर चाले. फक्त झुंज लागली की घोडं अडे, कारण हरायला कुणीच तयार नसे. आपल्याकडं खरी माणसं हरायला तयार नसतात, तिथं मनातले वाघ कशाला होतील?

"नियम काय आहेत तुमचे?"

"नियम नाहीयेत. समजूतदारपणावर चालतं."

"समजूतदारपणावर? अगं, समजूतदारपणावर लग्नाची पंगत बसत नाही, तू जंगल चालवतेस?"

श्रीनिवासराव चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत होते. कोण कधी लागला, कोण कुणाला ज्येष्ठ, कुणाची वेतनवाढ कधी, हे त्यांना तोंडपाठ असे. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. पहिला महिनाभर ते फोन उशाशी घेऊन बसत, कारण आपल्यावाचून शाखेचं अडणार याची त्यांना खात्री होती. शाखेचं काही अडलं नाही. ही गोष्ट त्यांना फार लागली होती आणि घरात कुणीही तो विषय काढत नसे.

त्यामुळं हिमानी जेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही देता का नियम लिहून?" तेव्हा ते सरळ उठले आणि चष्मा शोधायला गेले.

चौथ्या दिवशी 'वन्यप्राणी (परस्पर झुंज व फासे) नियमावली' तयार झाली. सोळा पानं, बेचाळीस कलमं आणि प्राण्यांच्या आयुर्मानाचं परिशिष्ट. मुख्य मुद्दा सोपा होता. दोन्ही प्राण्यांनी मोबाइलवरचा वीस बाजूंचा फासा टाकायचा, ज्याची बेरीज जास्त त्याचा वार लागला. तीन वार लागले की प्राणी मेला. मेलेला परत येणार नाही. चुकवाचुकवी बंद.

बेरीज मात्र कलम नऊमध्ये होती. प्राण्याच्या वयाच्या दर पूर्ण पाच वर्षांमागं फाशाच्या आकड्यात एक गुण वाढवून मिळेल.

"हे कशाला?" हिमानीनं विचारलं.

"सेवाज्येष्ठता. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?" हे म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला, म्हणून हिमानीनं पुढं विचारलं नाही.

पंधरा दिवस रानात रामराज्य होतं. लांडग्याला तीन वार लागले, तो मेला, आणि बँकेतल्या माणसानं दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खोकड घेतलं. लोक 'काका, काका' करून कलमांचा अर्थ विचारू लागले. श्रीनिवासराव सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसायला लागले. त्यांनी स्वतःही एक अस्वल घेतलं. वय बावीस वर्षं, गुण चार. अस्वलाचं नाव त्यांनी भाऊसाहेब ठेवलं.

"बरं झालं बाई," उमाताई मुलीला म्हणाल्या, "अस्वल झाल्यापासून चिडचिड कमी झाली त्यांची."

मग ग्रुपमध्ये पिशोरचा सुदर्शन आला. त्याचं तिथं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. आजवर दुकानाला आलेलं एकही परिपत्रक त्यानं न वाचता सोडलं नव्हतं. ग्रुपमध्ये सोळाच्या सोळा पानं वाचणारा तो पहिला माणूस. वाचून झाल्यावर त्यानं कासव घेतलं. वय एकशे चाळीस वर्षं. गुण अठ्ठावीस.

त्याच आठवड्यात कासवानं वाघीण मारली.

वाघीण वाळूजच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या अपेक्षाची होती. ती तीन वर्षं त्या वाघिणीची गोष्ट लिहीत होती. वाघीण सात वर्षांची, म्हणजे तिला एक गुण. फाशात वीस पडले तरी बेरीज एकवीस. कासवाचा एक पडला तरी एकोणतीस. तीन फाशांत खेळ खलास.

अपेक्षाचा फोन आला. "काका, माझी वाघीण कासवानं मारली."

"कशी?"

"चावून."

"हं. नियमात बसतं ते."

"बसतं ना. पण काका, मग फासा टाकायचा कशाला? टाकायच्या आधीच ठरलंय कोण जिंकणार ते."

श्रीनिवासरावांनी फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवसापासून रान म्हातारं व्हायला लागलं. मुंगूस नव्वद वर्षांचं झालं. ससा एकशे दहाचा झाला. एका फुलपाखरानं वय साठ लिहून वर 'अंदाजे' असं कंसात टाकलं. झुंजी तर बंदच पडल्या, कारण कासवाशी कोण लढणार? लोक ग्रुप सोडायला लागले. त्रेसष्टाचे एक्केचाळीस उरले.

"बाबा, रविवारी सगळे कॉलवर येणारेत," हिमानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तोवर मार्ग निघाला नाही तर मी ग्रुप बंद करतेय. चार वर्षं सांभाळलं हो मी हे. ओळखीपाळखी, मैत्रिणी, सगळं तिथंच आहे माझं."

मुलीचे भरलेले डोळे पाहून बापानं जे करायला हवं होतं ते श्रीनिवासरावांनी केलं नाही. त्यांनी जे येत होतं ते केलं. दुरुस्ती काढली. आयुर्मानाचे अठ्ठावन्न टक्के पूर्ण होताच प्राणी नियत वयोमानानुसार झुंजीतून निवृत्त होईल. वयाचे आकडे उगाच फुगवलेले फुलपाखरू आणि ससा जागच्या जागी घरी बसले. कासवाचं आयुर्मान दीडशे, म्हणजे निवृत्ती सत्त्याऐंशीला. एकशे चाळीसचं कासवही गेलं.

संध्याकाळी सुदर्शनचा फोन आला. "काका, माझा एक अर्ज हाय. आमच्या कासवाची जन्मतारीख चुकलीय."

"चुकली?"

"व्हय. नोंद करताना गडबड झाली. ते एकशे चाळीसचं नाय, पंच्याऐंशीचं हाय. दोन बेडकांची प्रतिज्ञापत्रं जोडलीत."

"सुदर्शन, ही लबाडी आहे."

"आता काका, कलम एकतीस तुमचंच. रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज, सोबत दोन साक्षीदार. मला तर महिनाबी झाला नाय."

श्रीनिवासरावांनी अर्ज दोनदा वाचला. त्रुटी नव्हती. चौतीस वर्षांत इतका नीटनेटका अर्ज त्यांच्या टेबलावर आला नव्हता. त्यांनी तो मंजूर केला. कासव सतरा गुण घेऊन परत आलं, आणि त्याची अजून दोन वर्षं नोकरी बाकी होती.

"मंजूर केलात?" हिमानी ओरडली. "बाबा, हे रान आहे हो! कचेरी नाहीये!"

"कागद पूर्ण होते गं."

ती दार आपटून गेली. श्रीनिवासराव निवृत्तांची यादी करायला बसले आणि पहिल्याच नावाशी अडकले. अस्वल भाऊसाहेब. आयुर्मान तीस, निवृत्ती सुमारे साडेसतराला, वय बावीस. साडेचार वर्षं जास्तीची नोकरी झाली होती.

उमाताईंनी यादीत डोकावून पाहिलं. "अहो, मग तुम्हीपण द्या की अर्ज. दोन बेडूक काय, मिळतील."

त्यांनी यादी पुढं ओढली. दोन बेडूक मिळाले असते. पण बावीस हा आकडा त्यांनी स्वतः, विचार करून, खरा म्हणून लिहिला होता. परत एकदा निरोप घ्यायचा, तोही स्वतः काढलेल्या आदेशानं, या विचारानं त्यांना गलबलून आलं. शिवाय अपेक्षाचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. टाकायच्या आधीच ठरलंय. चोविसाव्या वर्षी ते शाखेत लागले तेव्हा त्यांनाही हेच वाटलं होतं. तेव्हा त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ सात जण होते. त्यातल्या दोघांना टिपणी लिहिता येत नव्हती आणि तरी शब्द त्यांचाच चाले. मग हळूहळू श्रीनिवासराव स्वतः ज्येष्ठ झाले आणि ते वाटणं विसरून गेले.

रविवारी कॉलवर एक्केचाळीस जण होते. श्रीनिवासरावांनी घसा साफ केला.

"पहिला आदेश. अस्वल भाऊसाहेब आजपासून निवृत्त. दुसरा आदेश. कलम नऊ, सेवाज्येष्ठता, रद्द. ते घालणं ही माझी चूक होती. मला वाटत होतं, जुन्या माणसाला काहीतरी जास्तीचं मिळावं." त्यांनी चष्मा काढला. "माझ्यासाठीच घातलं होतं ते, दुसऱ्या कुणासाठी नाही. ही दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावानं लागू राहील."

"म्हणजे काय, काका?" अपेक्षानं विचारलं.

"म्हणजे तुझी वाघीण मेलीच नव्हती."

पलीकडून एकदम कल्ला उठला. त्यातून सुदर्शनचा आवाज आला. "काका, आमच्या कासवाचं काय?"

"त्यानं फासा टाकायचा. इतरांसारखा."

"हे बराबर हाय," सुदर्शन म्हणाला. "खरं सांगू का? जिंकून जिंकून लई कंटाळा आला हुता."

कॉल संपला. जेवताना हिमानीनं वडिलांच्या पानात न मागता आमरस वाढला. दुपारी तिच्या मोबाइलवर नव्या सदस्याचा अर्ज आला. प्राणी, साळिंदराचं पिल्लू. वय, एक दिवस. अर्जदार समोरच्या खुर्चीवर पेपर वाचत असल्याचं सोंग करत होता.

तिनं अर्ज मंजूर केला. पाचच मिनिटांत पिल्लानं कासवाला आव्हान दिलं. पहिला फासा, पिल्लू तीन, कासव अकरा. दुसरा, पिल्लू सात, कासव आठ. तिसऱ्याला कासवाला फक्त दोन पडले आणि पिल्लाला एक.

ग्रुपवर सगळे धास्तावले होते. सुदर्शननं घाबरत घाबरत लिहिलं, "काका, रागावलात का?"

श्रीनिवासराव आधी मोबाइलकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते खदाखदा हसत सुटले. निवृत्तीनंतर त्या घरानं ते हसू ऐकलं नव्हतं.

"अहो, काय झालं?" उमाताई आतून धावत आल्या.

"मेलो!" श्रीनिवासराव म्हणाले. "पहिल्याच दिवशी!"

"बरं, मग उठा. आठ दिवसांनी नळाला पाणी आलंय. आधी टाकी भरा."

टाकी भरून, धोतराचा सोगा पिळत ते परत आले आणि त्यांनी दुसरा अर्ज भरायला घेतला. प्राणी, टिटवीचं पिल्लू. वय, काही तास. खाली 'पूर्वानुभव' असा रकाना होता. तिथं त्यांनी लिहिलं, 'एकदा मेलेला आहे.'

हिमानीनं तो अर्ज वाचला, वडिलांकडं पाहिलं आणि शेरा मारला, 'पुरेसा. रुजू करून घ्यावे.'