सोळा घरांच्या राज्यात मानाची चाल सरळ केली त्याची हकीकत

श्री. चामड्यात नाद ठेविला त्या देवास नमन, नादास उशीर करावयास शिकविले त्या हातास दुसरे नमन, आणि कोणास न विचारता तो उशीर काढून टाकिला त्यास नमन नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास. संवत्सराचे नाव लिहिणाराने ठेविले नाही, पंचांगात तैसेच आहे, परंतु लिहिते वेळी बरे वाटले. ते शकी जे घडले ते डोळ्यांनी पाहिले तैसे लिहितो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण गावाने विशेष शोभेचे वर्तन केले नाही.

दुष्काळी मुलखात एक राज्य होते. लांबी वीत आणि चार बोटे, रुंदी वीतभर, तट काचेचा, एका कोपऱ्यास तडा गेलेला. लोक त्यास टॅबलेट म्हणत. त्या राज्यात बीट बनविण्याचे एक ॲप, आणि ॲपाचे पोटी सोळा घरांची ओळ. घरावर बोट ठेविले की दिवा लागे, आणि फिरता पहारा त्या घरी आला की तेथील आवाज वाजे, आणि सोळावे घर जाहले की पहारा पुन्हा पहिल्या घरी येई, ऐसे अखंड चाले. राज्यात कामगार पुष्कळ, परंतु या हकीकतीस कारण एकच. त्याचे काम ऐसे, की वाजविणाराचा ठोका घराच्या रेषेच्या अलीकडे वा पलीकडे पडला तर त्याचे बखोट धरोन त्यास रेषेवर आणून उभे करावे. ॲपात त्याचे नाव परमुलखी भाषेत लिहिले आहे. आम्ही त्यास सरळनीस म्हणतो. त्यास नेमिले कोणी, वतन कोणी दिले, हे विचारू नये, कारण सांगणारा कोणी नाही. ॲप आपणहून नवे होते आणि सरळनीस आपणहून कामावर हजर होतो, इतकेच ठाऊक आहे.

राज्याची धनीण काजल लोंढे, वय वर्षे तेवीस, बी.कॉम. जाहलेली, तालुक्यास मोबाइल दुरुस्तीच्या दुकानी कामास. हळदीच्या वराती, कॉलेजची गॅदरिंगे, जयंतीच्या मिरवणुका, सर्वत्र तिने केलेले बीट वाजत, आणि लोक नाचत, आणि हे कोणी केले हे कोणी विचारीत नसे. तिचे चुलते यल्लाप्पा लोंढे, ज्यांस ती तात्या म्हणे, हे गावचे हलगीवाले. माघी जत्रेच्या पाचवे दिवशी देवीची पालखी देवळाच्या पायऱ्या उतरते तेव्हा मानाची चाल वाजवावयाची, हा लोंढे घराण्याचा मान, आणि तात्यांनी तो चाळीस वर्षे चालविला. ती चाल ऐशी, की पाचवा ठोका उशिरा पडतो. किती उशिरा, ते सांगता येत नाही. पालखीपुढे शेंडगे घरच्या बाया पावली खेळतात, त्यांचा पाय उचललेला असतो, आणि आता टेकावा की काय ऐसे मनात येते, तो क्षण जाऊ द्यावा, मग ठोका द्यावा, इतका. तात्या म्हणत की आमच्या आबाची, म्हणजे बापाची, चाल याहून जड होती, आबा आम्हांस म्हणत की तुझा हात घाई करितो, आणि आबा गेले ते गेले, आता पुसावे कोणास. चालीचा दंडक ऐसा, की वर्षात ती एकदाच वाजावी, आणि ती देवीच्या कानी प्रथम पडावी. सराव नाही, नमुना नाही, लग्नात तर नाहीच नाही.

पौष मासी तात्यांचा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरांनी हलगी गळ्यात घालू नका ऐसे बजाविले. शिकविलेले होते दोघे, ते डीजेच्या गाडीवर गेले. मग काजलने मसलत केली की तात्यांनी चाल टॅबलेटात उतरवोन ठेवावी, आणि तात्या हसले आणि बोलिले, "काचंवर काय वाजतंय, माशी?" परंतु काजलने पिच्छा सोडिला नाही. ज्वारीच्या धाटांवर हलगी शेकली, आणि तात्यांकडून जाड टिपराचा एक ठोका, बारीक काडीचा एक, कडेवरचा एक, दोहोंचा मिळोन एक, ऐसे निरनिराळे आवाज घेतिले, आणि काचेवर बोट लावावयाच्या एकेका चौकोनात एकेक बसविला, आणि ते चौकोन तात्यांपुढे ठेविले. तात्यांनी बोट लाविले आणि काचेतून त्यांचीच हलगी बोलिली, तेव्हा त्यांनी पुन्हा एकवार बोट लाविले. मग ते कबूल जाहले, परंतु एक अट घातली. ते बोलिले, "वाजवीन. पर पाचव्या दिवसाआधी पुन्ना लावून ऐकायचं न्हाई. आईच्या आधी कुणाच्या कानावर चाल जायाची न्हाई." काजलने देवीची शपथ घेतली. मग तात्यांनी कानात बोंडे घातली, म्हणजे आवाज एकट्या त्यांसच जावा, आणि तीन दुपारी चार बोटांनी काचेवर संपूर्ण चाल वाजविली. काजल समोर बसोन दिवे लागताना पाहात होती. तिने ऐकिले नाही. तिने शपथ मोडिली असती तर पुढील अनर्थ टळता, परंतु ती लोंढ्यांची लेक, तिने मोडिली नाही, आणि याबद्दल तिला जो कोणी मूर्ख म्हणेल त्याचे तोंड पाहू नये.

पहिल्या दुपारच्या आदले दिवशी दुकानाच्या वायफायवर ॲप आपणहून नवे जाहले होते. नवे जाहले तेव्हा सरळनीस, ज्यास काजलने वर्षापूर्वी कामावरून दूर केले होते, तो पुन्हा गादीवर येऊन बसला. बारीक अक्षरात सूचना होती म्हणतात. ती कोणत्या पानी होती हे लिहिणाराने दोन दिवस शोधिले आणि सापडली नाही. तात्यांच्या कानी ठोका बोट पडताच, जेव्हाचा तेव्हा, उशिरासकट येत होता. परंतु दप्तरी नोंद होताना सरळनीस दारात उभा राहोन प्रत्येक ठोक्याचे बखोट धरीत होता. मूळ ठोका कोठे पडला होता याची प्रत त्याने ठेविली नाही. अहो, साधा कारकून चूक दुरुस्त करितो तर खाली मूळ अक्षर दिसेल ऐसी रेघ मारितो. येथे चूकही नव्हती आणि रेघही नाही. चाळीस वर्षांचा हात तीन दुपारींत रेषेवर उभा केला, आणि कोणास कळविलेही नाही. तिसऱ्या दुपारनंतर आठवे दिवशी तात्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात गेला, पाय गेला, जीभ जड जाहली. दिवसास चार शब्द बोलले तर पुष्कळ.

पाचवा दिवस उजाडला. तात्यांस खुर्चीवर घालोन देवळापुढे आणिले, काजलने टॅबलेट मोठ्या स्पीकरास जोडिला, शेंडगे घरच्या सात बाया पदर खोचून उभ्या राहिल्या, त्यांची म्होरकी गोदाक्का शेंडगे, वय पंच्याहत्तर. दुपारी दोन वाजता भोयांनी पालखी खांद्यावर घेतली. दंडक ऐसा, की खांद्यावर घेतलेली पालखी पायऱ्या उतरल्याखेरीज खाली ठेवू नये, आणि सूर्य मावळण्याआधी ती खाली यावी, आणि चालीखेरीज ती हलू नये. काजलने बोट लाविले. चाल सुरू जाहली. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा ठोका रेषेवर, नेमक्या वेळी, शाळेच्या घंटेसारखा पडला. सातही बायांचे पाय हवेत होते. दोघी अडखळल्या, एक पडता पडता वाचली, आणि गोदाक्का जागीच थांबली. तात्यांचा डावा हात गुडघ्यावर होता, तो त्यांनी उचलोन नाही नाही ऐसा हलविला, आणि मोठ्या कष्टाने बोलिले, "ह्यो मी न्हवं."

ते समयी गावाने काय करावे. गावाने गलका केला. जत्रा कमिटीचे म्हणणे पडले की डीजेची गाडी खाली उभीच आहे, ती लावावी आणि मोकळे व्हावे. आणि तेथे देशमाने मास्तर होते, ज्यांचा तालुक्यास की-बोर्डचा क्लास आहे आणि ज्यांचे टॅबलेटास तडा नाही. ते पुढे येऊन कान देऊन ऐकते जाहले आणि लोकांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "बिघडलंय काय? आता कुठं यल्लाप्पा तालात आला." लोक हसले. हे वाक्य लिहिताना लेखणी दोनदा मोडली. ज्या माणसाच्या ठोक्यावर या मास्तरांच्या आईने नवरी म्हणोन गावात पहिले पाऊल टाकिले, तो माणूस खुर्चीत बसला आहे, त्यास उत्तर देता येत नाही, आणि त्याच्या तोंडावर हे बोलावे. ताल ज्याने यंत्रात पाहिला त्यास माणसात पडलेला ताल चूक दिसतो, आणि त्याच्या अकलेस सरळनीस कायमचा बसला आहे ऐसे समजावे. तात्यांनी ते ऐकिले. त्यांचे डोळे कोरडे होते, हे लिहिणाराने पाहिले, आणि ओले असते तर बरे होते.

काजलने आधी सरळनिसास शोधोन काढिले आणि त्याचे तोंड बंद केले. परंतु सरळ जाहले ते सरळच राहिले. मग तिने एकेक पाचवा ठोका बोटाने मागे सरकवोन पाहिला, थोडा सरकविला तर कमी वाटे, अधिक सरकविला तर पालखी घसरल्यासारखे वाटे, आणि तात्यांकडे पाहिले तर ते मान हलवीत, नाही, नाही. भोई खांदे बदलू लागले. ऊन कलले. तेव्हा गोदाक्का तिजजवळ आली आणि बोलिली, "पोरी, त्यो ठोका काचंत शोधू नगंस. आमी मुक्यानंच पावली टाकतो. तू पाय बघ." मग सात बाया देवळाच्या फरशीवर उभ्या राहिल्या, ना हलगी ना टाळ, आणि पावली सुरू केली. कोणी मोजले नाही, कोणी खुणावले नाही, आणि चार पावले टाकोन सातही पाय हवेत थांबले, आणि थांबले, आणि मग एकदमच टेकले. गलका करणारे पुढे सरोन पाहू लागले.

काजल फरशीवर पालथी पडोन पायांच्या बरोबरीने डोळे आणून पाहू लागली आणि पाय टेकला की काचेवर बोट मारू लागली. परंतु पहिले खेपेस बोट घाई करीत होते. दुसरे खेपेसही तेच. सहा वर्षे ती सोळा घरांत राहिली होती, सरळनीस तिच्या बोटातही शिरला होता. हे तिला कळले तेव्हा ती रडली, आणि राग तिला मास्तरांचा नव्हे तर स्वतःच्या बोटाचा आला. गोदाक्काने तिला उठविले, घाईत पायी राहिलेल्या चपला काढावयास लाविल्या, हातातला टॅबलेट दुसरीकडे दिला आणि तिला आपल्या ओळीत उभे केले. काजल तीन फेऱ्या चालली. पहिल्या फेरीत पाय लवकर टेकला आणि गोदाक्काने चापट मारिली. तिसऱ्या फेरीत टेकला नाही, थांबला, आणि सातांबरोबर आठवा टेकला. मग ती टॅबलेट घेऊन ओळीतच उभी राहिली, आणि चालता चालता, पाय टेकेल तेव्हा बोट टेकवीत, संपूर्ण चाल पुन्हा उतरवोन घेतली. आवाज तात्यांच्या हलगीचेच, चौकोनांत ठेविलेले. एकही ठोका कोणत्याही घराच्या रेषेवर पडला नाही, सर्व रेषांच्या मधोमध, इकडे तिकडे, ऐसे दिसत होते. देशमाने मास्तर ते पाहोन काही बोलणार होते, परंतु मागील भोयाने त्यांजकडे पाहिले.

सूर्य देवळाच्या शिखराखाली आला तेव्हा काजलने बोट लाविले. एक, दोन, तीन, चार. मग ते थांबणे. मग ठोका. पालखी पहिली पायरी उतरली, आणि बायांचे पाय फरशीवर एकाच आवाजात टेकले, आणि भोयांचे पायही, आणि कमिटीवाल्यांचेही, आणि लिहिणाराचेही. तात्यांचा डावा हात गुडघ्यावर वाजू लागला, आणि पाचव्या ठोक्यास आधीच पडला. दुसऱ्या फेरीतही आधीच पडला. मग हात थांबला आणि ते नुसते ऐकत राहिले. पालखी खाली आली, चाल संपली, आणि काजल त्यांजपुढे बसोन भीत भीत विचारिती जाहली, "तात्या, आता तरी तुमीच हाय न्हवं?" तात्यांनी मान हलविली, नाही. तात्यांचे तोंड वाकडे होते, ते हसत आहेत की रडत आहेत हे कळेना. ते गोदाक्काकडे पाहात बोलिले, जी सोळावे वर्षी यांच्या बापापुढे पावली शिकली होती. ते बोलिले, "ह्यो आमचा आबा."

तात्पर्य इतके. जी चाल आम्ही गेली म्हणोन रडलो तिच्या आधीची एक चाल चाळीस वर्षे बायांच्या पायांत बसली होती आणि कोणी पुसले नव्हते, गावाने नाही, मास्तरांनी नाही, लिहिणारानेही नाही. तात्या फाल्गुनात गेले. त्यांचा स्वतःचा उशीर, जो आबाहून थोडा कमी होता, तो आता कोठेही नाही, आणि तो सरळनिसाने नेला. मागील आठवड्यात ॲप पुन्हा नवे जाहले, आणि काजलने उघडोन पाहिले तो सरळनीस गादीवर बसलेला होता. तिने त्यास पुन्हा उतरविले. येथे लेखणी खाली ठेविली, राग ठेविला नाही.