बसत नाही, लाथ मारत नाही

केशवरावांनी वकिलाकडे जायचं टाळलं, तिथंच माशी शिंकली.

माणूस तसा हुशार. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत सतरा वर्षं कारकुनी केलेली. टिपण असं लिहायचे, की वाचणाऱ्याला काय ठरलं ते कळू नये आणि कळलं नाही हे सांगायचीही त्याला लाज वाटावी. एकसष्टच्या त्या उन्हाळ्यात हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होणार होती. साहेबांनी केशवरावांना आत बोलावून सांगितलं होतं, "तुमचं नाव वर धाडतोय. फक्त तोवर कुठं कोर्टकचेरीत अडकू नका. ज्याच्यावर खटला चालू आहे त्याला बढती नाही, नियम आहे." केशवराव हसले. कोर्टात अडकायला लागते तेवढी छाती आपल्याला नाही, याची त्यांना खात्री होती.

पण त्यांच्याकडे मैना होती.

मैना म्हणजे मोटार. काळी, उंच, विलायती, आणि जिला बनवणारी कंपनी लढाईच्या आधीच बुडाली होती अशी. केशवरावांच्या सासऱ्यांचा बैलांचा व्यापार. कापसाच्या एका जिनवाल्यानं खिल्लारी जोडीच्या बदल्यात ही मोटार सासऱ्यांच्या गळ्यात मारली आणि सासऱ्यांनी ती लग्नात जावयाच्या. (त्याच मांडवात त्यांनी आणखीही काही जावयाच्या गळ्यात मारलं होतं, पण ते मी सांगणार नाही, भागीरथाबाई अजून धडधाकट आहेत.) बैलजोडीच्या बदल्यात आली म्हणून घरात तिला बैलाचाच मान होता. पोळ्याच्या दिवशी भागीरथाबाई तिला न्हाऊ घालत, बॉनेटवर झूल टाकत, कुंकू लावत आणि रेडिएटरसमोर पुरणाची पोळी धरत. पोळी शेवटी केशवरावच खात, ही गोष्ट वेगळी.

ही मैना विकायची ठरली. गिऱ्हाईक मिळालं पंजाबराव. पातूरच्या अलीकडच्या एका खेड्यातले बागाईतदार. वांगी, मेथी, झेंडू टोपल्या भरभरून अकोल्याच्या बाजारात आणत. बैलगाडीनं माल पोचेपर्यंत मेथी मान टाकायची, म्हणून त्यांना मोटार हवी होती. आले, केशवरावांनी हँडल मारून मैना चालू करून दाखवली, पंजाबरावांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पसंत हाय. कागद करून घ्या."

आता कागदासाठी वकील हवा होता. पण वकील चार प्रश्न विचारतो आणि त्याचे वेगळे घेतो, म्हणून केशवराव गेले डोमाजीकडे. डोमाजी कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस. कोर्टाला सुटी असली की गुरांच्या बाजारात बैलांच्या खरेदीच्या पावत्या लिही. मोटारीचा कागद त्यानं जन्मात लिहिला नव्हता. पण येत नाही म्हणणारा अर्जनवीस अजून वऱ्हाडात जन्माला यायचा आहे.

"रंग सांगा, बाबूसाहेब."

"काळा."

"डोळे?"

"पुढचा उजवा दिवा जरा मंद आहे."

"उजवा डोळा अधू," डोमाजीनं लिहिलं. "दात?"

"दात कुठले? गियर तीन आहेत."

"तीन कसे असतीन? चार लिवतो. जास्तीचे असले तं भावात चांगलं." मग डोमाजीनं दौतीत टाक बुडवला आणि हात बसलेला असल्यामुळे न विचारताच पुढचं लिहून टाकलं : 'जनावर गरीब आहे. कामात बसत नाही. लाथ मारत नाही. आठ दिवसांत खोड निघाल्यास धनी जनावर परत घेईल.' केशवरावांनी कागद वाचला. अक्षरं सुंदर होती. त्यांनी सही केली. (सतरा वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?) मोटारीची सरकारी बुकं नावावर करायची ती नंतर करू, असं दोघांचंही ठरलं, म्हणजे ती कधीच व्हायची नव्हती.

न्यायच्या दिवशी केशवरावांनी मैना चालू करून दिली, हँडल काढून गाडीत ठेवायला गेले, तो भागीरथाबाई दारातून ओरडल्या.

"अवो, थे काहून देऊन राहिले?"

"हँडल हाय. गाडीचं हाय."

"जनावर इकलं तरी दावं कोनी देते काय? दाव्यासंगं लक्षुमी जाते घरची. माह्या बाबानं हजार बैल इकले, एक दावं नाई देलं."

"पण हे दावं नाई, भागीरथा. याच्याबिगर गाडी हालत नाई."

"आन् दाव्याबिगर बैल हालते काय?"

कचेरीत असा मुद्दा आला असता तर केशवरावांनी तो पुढच्या टेबलाकडे पाठवला असता. इथं पुढचं टेबल नव्हतं. त्यांनी मदतीच्या आशेनं पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव मोटारीत बसल्या बसल्या कानाला हात लावत म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, वयनी! दावं गिऱ्हाईकानं आपलं आनाव. थेवढं समजते आमाले." आणि गेले. वाटेत कुठंही इंजिन बंद न करता थेट आपल्या गोठ्यासमोर जाऊन थांबले. हँडल इकडे देव्हाऱ्याखाली गेलं आणि त्याला हळदकुंकू लागलं.

पंजाबरावांनी आपलं दावं आणलं म्हणजे काय केलं, तर गावच्या लोहाराला हातानं हवेत माप दाखवून हँडल घडवून घेतलं. ते लागायचं, पण खाच चुकलेली असल्यामुळे सुटायचं नाही. इंजिननं एक उलटा हिसका दिला, की हँडल माणसाला घेऊन फिरायचं. पहिल्या सकाळी पंजाबराव झेंडूच्या टोपलीत जाऊन पडले. दुसऱ्या सकाळी त्यांचा गडी मेथीत. तिसऱ्या सकाळी पंजाबरावांनी टोपल्या आधी दूर नेल्या आणि मग पस्तावले, कारण त्या दिवशी जमीन लागली. चौथ्या दिवशी मैनेला बैल जुंपून ते अमरावतीला निघाले आणि सहाव्या दिवशी केशवरावांच्या दारात उभे राहिले. डावा हात गळ्यात बांधलेला.

"केशवरावभाऊ, मैना बसते."

"आमच्या इथं कधी बसली नाई," भागीरथाबाई आतून म्हणाल्या.

"लाथबी मारते, वयनी."

"तुमी काही बोलले असान तिले."

"म्या काय बोलाव? कागदात लिवलं हाय, आठ रोजात खोड निंघाली तं वापस. घ्या वापस."

केशवरावांनी घेतलीही असती. पण भागीरथाबाईंनी मैनेच्या जागेवर एव्हाना पापड वाळत घातले होते, आणि एकदा दारातून गेलेलं जनावर पुन्हा दारात घेणं अशुभ असतं, हेही त्यांच्या बाबांनीच सांगून ठेवलेलं होतं. पंजाबराव तीन पापड खाऊन आणि "आता कोर्टातच भेटू, वयनी, पापड मस्त झाले" असं म्हणून बैलांसह परत गेले.

पुढच्या आठवड्यात कचेरीत केशवरावांच्या नावानं दोन कागद आले, आणि दोन्ही साहेबांनी आधी वाचले.

पहिला एका ग्रामपंचायतीचा. परतीच्या वाटेवर उतारावर मैनेचा दोर सुटला आणि ती कुणाच्या तरी कांद्यात शिरली. कांदेवाल्यानं तिला रीतसर कोंडवाड्यात नेऊन घातलं. बुकं अजून केशवरावांच्या नावावर. नोटिशीत छापील रकाने होते : 'जनावराची जात : मोटार. खुराक : कडबा, रोज दोन पेंढ्या. खाल्ला : नाही.'

दुसरा कागद अकोल्याच्या कोर्टाचा होता.

साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "केशवराव, मी तुमचं नाव वर धाडलंय. महिनाअखेर हा खटला मिटला नाही तर मला दुसरं नाव धाडावं लागेल." दुसरं नाव म्हणजे रामराव, जे केशवरावांच्या मागल्या टेबलावर बसत आणि त्यांच्या पाठीकडे पाहून पान चघळत. त्या दिवशी रामरावांनी केशवरावांना पान देऊ केलं.

न्यायाधीशांनी हुकूम केला होता, की तारखेला जनावर म्हणजे मोटार आवारात हजर करावी. केशवरावांनी कोंडवाड्याचा दंड भरला आणि पंजाबरावांनी ती बैल जुंपून आणली. न्यायाधीश रत्नागिरीकडचे, नवे. त्यांनी डोमाजीचा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"हिला चार दात आहेत?"

"तीन गियर आहेत, साहेब," केशवराव शुद्ध मराठीत म्हणाले. (घाबरले की त्यांचं वऱ्हाडी पार उतरे.)

"आणि ही लाथ मारते?"

पंजाबरावांनी सदरा वर करून बरगडी दाखवली. मग लोहाराचं हँडल लावून प्रात्यक्षिक झालं. मैनेनं हिसका दिला, हँडल फिरलं आणि कोर्टाचा शिपाई, जो फक्त पाहायला वाकला होता, पायऱ्यांवर जाऊन बसला. न्यायाधीशांनी नोंद केली : लाथ मारते. खटला तिथंच संपत आला होता. केशवरावांना डोळ्यांसमोर हेडक्लार्कची खुर्ची आणि तिच्यात पान चघळणारे रामराव दिसू लागले.

"हे हँडल मूळचं आहे?" न्यायाधीशांनी सहज विचारलं.

"नाही. मूळचं आमच्या घरी आहे."

"घरी काय करतंय?"

केशवराव उत्तर शुद्ध मराठीत जुळवू लागले. मागून भागीरथाबाई उठल्या. केशवरावांनी आदल्या दिवशी हँडल मागितलं होतं. पण ज्या माणसाला छत्री सांभाळता येत नाही त्याच्या हाती लक्ष्मी देणार कोण, म्हणून त्या स्वतः आल्या होत्या. त्यांनी पदराखालून हळदकुंकवानं माखलेलं हँडल काढलं.

"जनावर इकलं, साहेब. दावं नाई इकलं. पुसा यायले, दावं मांगलं होतं काय?"

"तुम्ही मागितलं नाहीत?" न्यायाधीशांनी पंजाबरावांना विचारलं.

पंजाबराव दुखावले. "कसं मांगन, साहेब? दुसऱ्याच्या घरचं दावं मांगाले मी काय बेशरम हाव?"

केशवरावांनी मूळ हँडल लावलं, अंगठा बाजूला ठेवला आणि एक हिसका दिला. मैना पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि थरथरत, धूर सोडत, गरीब जनावरासारखी उभी राहिली. आवारातल्या पक्षकारांनी टाळ्या वाजवल्या. पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाय, पाय कशी शहान्यावानी उभी हाय!"

"संपलं तर," न्यायाधीश म्हणाले. "बाई, हँडल यांना देऊन टाका."

"तुमी हुकूम करा, मी देऊन टाकतो. पण मंग आमच्या घरी काही वाईट झालं तं थे तुमच्या नावावर, एवढं निकालात लिवा," भागीरथाबाई म्हणाल्या.

न्यायाधीशांची लेखणी थांबली. पंजाबरावच मधे पडले. "नाई साहेब! मले नाई पाह्यजे. माह्या पोरीचं लगन हाय औंदा. दुसऱ्याची लक्षुमी घरात घेऊन मी कुठं फेडू?"

"मग याच्या मापाचं दुसरं घडवा."

"दाव्याचं माप देनं आन् दावं देनं एकच," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि पंजाबरावांनी जोरात मान हलवली. आता वादी आणि प्रतिवादी एका बाजूला होते आणि कोर्ट एकटं पडलं होतं.

शेवटी समझोता झाला. पंजाबरावांनी खटला मागे घेतला. हँडल भागीरथाबाईंकडे राहील. दर रविवारी केशवराव ते घेऊन पहिल्या बसनं अकोल्याला येतील, मैना चालू करून देतील आणि दिवसभर ती बंद पडू न देता संध्याकाळी हँडल घेऊन परत जातील. केशवरावांनी यावरही सही केली.

महिनाअखेरीला साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि हात पुढे केला. "अभिनंदन, हेडक्लार्क! खटला मिटला, वरून हुकूम आला." केशवरावांनी हुकूम वाचला. पहिल्या ओळीत बढती होती. दुसऱ्या ओळीत बदली होती, अकोल्याला.

"मीच सुचवलं," साहेब प्रेमानं म्हणाले. "इथली खुर्ची रामरावांना देऊ. तुमचं नाहीतरी दर रविवारी तिकडं जाणं असतंच."

निघायच्या दिवशी भागीरथाबाई स्टँडवर पोचवायला आल्या. पोरांची शाळा होईपर्यंत त्या अमरावतीतच राहणार होत्या. केशवरावांनी ट्रंक टपावर चढवली, वळकटी चढवली आणि हात पुढे केला. "दे थे हँडल. आता मी तिथंच हाव, येण्याजाण्याचं लचांड नाई."

भागीरथाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं आणि हँडल पदराखाली आणखी आत सारलं.

"जनावर चाललं तरी दावं घरीच राहाते," त्या म्हणाल्या. "रविवारी या न्यायले."

अकोल्याच्या स्टँडवर पंजाबराव मैना घेऊन आनंदानं हजर होते. केशवरावांच्या रिकाम्या हातांकडे पाहून त्यांचा चेहरा जरा पडला, पण माणूस समजूतदार. त्यांनी ट्रंक, वळकटी मागच्या सीटवर ठेवली आणि पुढे जाऊन जू उचललं. एका बाजूला बैल जुंपलेला होता.

"दुसरा आज लंगडून राह्यला, भाऊ," ते संकोचून म्हणाले. "तुमी जरासा हात लावता काय?"