सहा पिल्लं आणि माझी दाढी

सुरुवात एका टोपीनं झाली. बायको म्हणाली, "अहो, जरा ही टोपी घालून पिल्लांच्या खोलीत बसता का?" आणि मी "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या "बरं"मधूनच आलेली आहेत (लग्नसुद्धा). पण आधीच स्पष्ट सांगून ठेवतो, पुढे जे काही झालं त्यात माझा काडीचाही दोष नव्हता आणि मी कोणाचीही माफी मागणार नाही.

माझी बायको घरी लॅब्रेडॉर वाढवते. आमच्या तीन खोल्यांपैकी एक खोली कुत्र्यांची, एक कुत्र्यांच्या सामानाची आणि उरलेली आम्हा सर्वांची. घरात दोन मोठ्या कुत्र्या आहेत. म्हातारी आत्या आणि तिची लेक ताई. ताईला सहा पिल्लं झाली होती आणि ती चांगल्या घरी जाईपर्यंत त्यांना माणसात आणायचं काम बायकोनं अंगावर घेतलं होतं. पिल्लू लहानपणी जे बघतं, ऐकतं, त्याला ते पुढे जन्मात घाबरत नाही, असं तिचं शास्त्र. म्हणून दिवसातून दोनदा मिक्सर रिकामा फिरायचा, छत्र्या उघडायच्या, मिटायच्या. इतरांच्या घरी नवऱ्याच्या हातून ताट पडलं तर त्याला बोलणी बसतात. माझ्या हातून पडलं की आतून आवाज यायचा, "छान! आता जरा दाराजवळ पाडा."

आवाज झाले, राहिली माणसं. पिल्लांना तऱ्हेतऱ्हेची माणसं दाखवायला हवीत. टोपीवाली, चष्म्याची, दाढीची, काठी टेकत येणारी. पण एवढी माणसं आणायची कुठून? आमच्याकडे पाहुणे येत नाहीत (ताटांमुळे असावं). तेव्हा सगळी माणसं मीच झालो.

तसा मी त्या खोलीत पूर्वी कधी गेलो नव्हतो. बाहेरचे जंतू आणतो म्हणून मला सुरुवातीला बंदीच होती. बंदी उठली ती टोपीसकट.

याच सुमारास सोसायटीचे चेअरमन दारात येऊन उभे राहिले. हा गृहस्थ हसला तर त्याची नोटीस फळ्यावर लागेल, असं आमच्या इमारतीत म्हणतात.

"तक्रारी आहेत," ते म्हणाले. "जिन्यात भुंकण्याचा आवाज येतो. रविवारी कमिटी घर बघायला येणार. एक जरी पिल्लू कोणावर भुंकलं, तर सगळी कुत्री इमारतीच्या बाहेर. मोठीसुद्धा."

ते गेल्यावर बायको पिल्लांच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. कुत्र्यांच्या डॉक्टरांना फैलावर घेणारी ही बाई, पण त्या संध्याकाळी मिक्सर फिरवायचाही विसरली. आत्यानं येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचे कान कुरवाळत बायको म्हणाली, "आत्या आता म्हातारी झाली हो. तिला कुठे नेऊन सोडू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघतोच कोण हलवतं आपल्या कुत्र्यांना!" मी गरजलो (चेअरमन खाली पोहोचल्याची खात्री करून).

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं कंबर कसली. म्हणजे वेष मी बदलायचे आणि कंबर तिनं कसायची. "नुसती टोपी बदलून भागत नाही," ती म्हणाली. "कुत्रं डोळ्यांपेक्षा नाकानं जास्त बघतं. माणसाचा वास बदलला पाहिजे." मग ती इमारतीत फिरली आणि पिल्लांच्या अंथरुणासाठी म्हणून जुने कपडे गोळा करून आली. देणारे धुऊन देतो म्हणत होते, तर ही म्हणे, "छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता, मी धुते ना!" धुतला मात्र तिनं एकही नाही.

ऑफिसातून आलो की मी दारातच माझे कपडे उतरवायचो, बिनवासाच्या साबणानं अंग धुवायचो आणि दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे घालून आत जायचो. कधी एक लांब कोट, ज्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या. कधी एक कोपरात विरलेला स्वेटर, त्याच गठ्ठ्यातले जुने बूट आणि सोसायटीच्या मुलांच्या नाटकातली काळी दाढी. एकदा तर फुलाफुलांचा गाऊन आणि हातात काठी.

"अहो, लंगडा जरा!" बायको सांगायची.

"गाऊनमध्ये चालताना आपोआपच लंगडतोय!"

ही सवय अंगात इतकी भिनली की मी ऑफिसातही लंगडायला लागलो. साहेबांनी विचारलं, "पायाला काय झालं?"

"कुत्र्यांमुळे, साहेब."

"चावलं?"

"नाही, त्यांना लंगड्या माणसाची सवय करतोय."

साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्या दिवसापासून ते माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

आता एक कबूल करतो. या सगळ्यात मला एक गोष्ट मनापासून आवडायची. सहांतलं सर्वांत लहान पिल्लू, आम्ही त्याला शेंडेफळ म्हणायचो, मी दाढी लावून बसलो की दुडुदुडु येऊन माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपायचं. पाय बधिर व्हायचा, पण हलवायची छाती होत नसे. माझ्यावर कोणी इतका विश्वास पूर्वी टाकला नव्हता. मग एके दिवशी डोक्यात किडा वळवळला, की हे झोपतं कोणाच्या बुटावर? त्या दाढीवाल्याच्या! सुख मी भोगत होतो, पण मान तो दाढीवाला घेऊन जात होता. आपल्याच घरात आपल्याला परक्या माणसाचा हेवा वाटावा, यापरती नामुष्की नाही.

रविवार उजाडला. बायकोनं शेवटच्या तालमीसाठी गाऊन इस्त्री करून ठेवला होता.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"आज गाऊन नाही, कोट नाही, दाढी नाही! या घरात मीही राहतो. मला माझं स्वतःचं तोंड आहे!"

"आहे ना," ती शांतपणे म्हणाली. "पण ते आज नका वापरू."

झालं! मी सुगंधी साबणानं अंघोळ केली. केसांना तेल लावलं. लग्नात आलेली अत्तराची बाटली फोडली (झाकण निघेना). स्वतःचा कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि दार आपटून बाहेर पडलो. बेत पक्का होता. कमिटी बसलेली असताना घरचा कर्ता पुरुष म्हणून आत शिरायचं आणि चार शब्द ठणकावून सांगायचे. न्हाव्याकडे दाढी करता करता मी भाषणाची तालीमही केली. त्याला ते पटलं असावं, कारण त्यानं लगेच रेडिओ मोठा केला.

परत आलो तेव्हा दार किलकिलं होतं. फटीतून बघतो तर काय! चेअरमन चक्क जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि दोन पिल्लं त्यांच्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून लाडात आलेली. दाढीवाल्या सेक्रेटरींची दाढी एकानं तोंडात धरलेली. तळमजल्यावरच्या काकू, म्हणजे कमिटीच्या खजिनदार, त्यांच्या काठीवर एक पिल्लू पसरलेलं, दुसरं पायाशी. आणि शेंडेफळ सेक्रेटरींच्या बुटावर हनुवटी टेकून गाढ झोपलेलं!

"अहो, ही तर मला ओळखतात!" चेअरमन म्हणत होते. "माझी स्वतःची नातवंडं मी आलो की आतल्या खोलीत जातात हो!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खोकल्याच्या गोळ्यांचा कोट! विरलेला स्वेटर! फुलाफुलांचा गाऊन! बायकोनं मला नुसती माणसं करायला लावली नव्हती, कमिटी करायला लावली होती. मी नकळत इतके दिवस चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार अशी तिन्ही पदं भूषवली होती.

शहाणा माणूस तिथूनच मागे फिरला असता. पण मी भाषण पाठ केलं होतं.

दार ढकललं, छाती काढली आणि म्हणालो, "एक गोष्ट ध्यानात घ्या..."

सहाच्या सहा पिल्लं ताडकन उठली. आणि मग जे भुंकणं सुरू झालं, ते मिक्सर, ताटं आणि छत्र्या सगळ्यांना भारी होतं. या तेल लावलेल्या, अत्तराच्या, गुळगुळीत हनुवटीच्या माणसाला त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. सर्वांत जोरात भुंकत होतं शेंडेफळ. मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. मी मदतीसाठी आत्याकडे पाहिलं. तिनं मला ओळखलं, जांभई दिली आणि तोंड फिरवलं. घरातली मोठी माणसं ऐन वेळी अशीच मूग गिळून बसतात.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ताई तिच्या पायाला चिकटून उभी राहिली. चेअरमन सावकाश उठले.

"मी म्हणालो होतो, एक जरी पिल्लू कोणावर भुंकलं..."

"अहो, पण हे परके कोणी थोडेच आहेत?" काकू मध्येच म्हणाल्या. "हे तर ह्यांच्याच घरचे!"

चेअरमन विचारात पडले. "हो, तेही खरंच. यजमानांवर भुंकणं हा घरगुती प्रश्न झाला. कमिटी नवरा-बायकोच्या भानगडीत पडत नाही."

"आमच्याकडेही मी घरी आलो की असंच होतं," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "फक्त आम्ही कुत्री पाळलेली नाहीत."

ठराव एकमतानं झाला. "कुत्री राहू देत," चेअरमन बायकोला म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून, "पण जिन्यात आवाज येता कामा नये. तेव्हा ह्यांचं काय करता येईल ते बघा."

कमिटी गेली. बायकोनं आधी आत्याला मिठी मारली, मग ताईला. मग रडत-हसत माझ्याकडे आली. माझीही पाळी आली असं समजून मी हात पसरले, तर तिनं त्यात दाढी ठेवली.

पण मी झुकणाऱ्यांतला नाही! पुन्हा अंघोळ केली, स्वेटर घातला आणि निषेध म्हणून ती दाढी उलटी करून कपाळावर बांधली. बघू दे म्हटलं सगळ्यांना, मी कोणाच्या हुकमानं चालत नाही! डोळ्यांवर केस आलेले, धडपडत आत गेलो. एकही पिल्लू भुंकलं नाही. शेंडेफळ येऊन बुटावर झोपलं.

बायकोनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाली, "अगंबाई, छान! असा माणूस दाखवायचा राहिलाच होता. उद्याही असेच या."

मी म्हणालो, "बरं."