हकिकत जर्मनच्या पातेल्याची

श्री. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, चिंचवड प्रांती, कामगार वसाहतीच्या तळमजल्यावर मोठे राजकारण जाहले, आणि ज्यांनी पाहिले त्यांस हसू आले व ज्यांजवर गुदरले त्यांस आले नाही, सबब लहानथोरांस कळावे म्हणोन हकिकत लिहिली ती ऐसी.

खोलीचे धनी राजमान्य सोपानराव फिटर. त्यांचे कुटुंब केसरबाई वैशाखात कैलासवासी जाहल्या. मागे कन्या कस्तुरा व पुत्र विलास. कस्तुरा सकाळच्या पाळीस, विलास दुपारच्या, सोपानराव रात्रीच्या; एका छपराखाली राहोन परस्परांची गाठ मुश्कील. केसरबाईंचे दूध तापवावयाचे जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले, खरवडून खरवडून बुडास भोक पडलेले, ओट्यावर खिडकीपाशी होते तैसेच होते. ते हलवावे ऐसी कस्तुरेची छाती होईना.

श्रावणात सोपानरावांच्या भगिनी तानुबाई यांची स्वारी रावेतहून दाखल जाहली आणि पातेल्यावर नजर जाऊन भुवई चढली.

“व्हय गं कस्तुरे, गळकं भांडं घरात ठिवत्यात व्हय? दे त्या भंगारवाल्या रहिमानला.”

कस्तुरेच्या मुखातून बोल निसटला, “ते भांडं नाही आत्या. कुंडी आहे.”

“आन झाड कुटं हाय? गावाला गेलंय?”

सोपानराव भिंतीकडे तोंड करोन बसले, कुमक आली नाही. मग तह ठरला तो ऐसा, की दिवाळीनंतर आत्या फिरोन येतील, तोवर पातेल्यात हिरवे झाड नांदते दिसल्यास पातेले राहील, न दिसल्यास भंगारात जाईल.

ओट्याची खिडकी म्हणजे मुलूख कठीण. समोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत, सूर्यनारायणाचा अंमल त्या प्रांती कधी बसलाच नाही. विलासने पुण्याहून गुलाब आणिला, तो ऐन कळीत खचला. मग झेंडू रवाना केला, तो उजेड धुंडीत काठीसारखा लांबला आणि मान टाकोन पडला. कस्तुरा बहुत दिलगीर जाहली.

शेवटी शेजारच्या नजमुन्निसा खाला, ज्यांच्या अंधाऱ्या जिन्याखालीही हिरवळ माजली होती, त्यांशी मसलत केली. खाला पान जुळवीत वदल्या, “सावलीत फूल मागू नको बेटी, पान माग. फूल मागशील तर तेही जाईल, तूही रडशील.” आणि त्यांनी एक नेचा व मनीप्लांटचा एक वेल दिला. मग भोकावर खापरी ठेविली, माती, वाळू व शेणखत एकत्र केले, मध्ये नेचा उभा केला, कडेने वेल सोडिला, आणि मोहीम फत्ते ऐसे समजोन कस्तुरा कामावर गेली.

परंतु दैव फिरले. नेचा काळवंडला, वेल पिवळा पडला, मातीस कुबट वास सुटला. रसद तर कस्तुरा स्वहस्ते एकच पेला रोज देत होती. फितुरी कोठे, हे उमजेना.

गुरुवारी वीज बंद, म्हणोन कारखाने बंद. एरवी गुरुवारीही तिघांच्या उठण्याच्या वेळा निराळ्या; त्या सकाळी मात्र कस्तुरा पेला भरोन ओट्याकडे वळली, तो मोरीकडून विलास पेला घेवोन आला, आणि खाटेवरोन उठोन सोपानरावही तांब्या घेवोन आले. तिन्ही फौजा पातेल्यासमोर एकवटल्या.

“दादा, तुम्ही?” कस्तुरेने बापास पुसले.

“तू कामाच्या गडबडीत विसरशील, म्हणून घालतो. तुझं काय रे विलास?”

“मला वाटलं, तुम्ही दोघं विसरता.”

कस्तुरा म्हणाली, “म्हणजे गेला महिनाभर आपण तिघं मिळून याला बुडवतोय.”

कोणी कोणास बोल लाविला नाही. सोपानराव प्रथम हसले, केसरबाई गेल्यापासोन ते हसले नव्हते, आणि हसता हसता त्यांनी पंच्याने डोळे पुसले. मग झाडे उपटोन सडकी मुळे छाटिली, कोरडी माती भरिली आणि हुकूम जारी जाहला, की पाणी फक्त गुरुवारी, तिघे हजर असता, आणि तेही मातीत बोट खुपसोन कोरडी लागल्यावरच. ऐसे करता चहाही गुरुवारी एकत्र होऊ लागला.

दिवाळी सरली, आत्या दाखल जाहल्या. नेच्याने मधोमध नवे पान गुंडाळी उलगडीत वर काढिले होते आणि वेल ओट्याखाली उतरला होता. आत्यांनी पान चिमटीत धरोन पाहिले, खरे निघाले. पातेल्याच्या काठावर बोट फिरविले, जेथे केसरबाईंच्या पळीचे घाव होते.

“राहू दे गं,” मग म्हणाल्या. “पण मलाबी एक फांदी दे. माजं तपेलं गळतंय.”

येणेप्रमाणे शिकस्तीनंतर फत्ते जाहली. गुलाब व झेंडू रणी कामास आले, नेचा व वेल मुलुखात कायम जाहले, आणि केसरबाईंचे पातेले केसरबाईंच्या ओट्यावर राहिले, हे नमूद असे.